मुलाच्या नोकरीच्या शोधात आईवडिलांनी कुठे हात घालावा आणि कुठे काढून घ्यावा

प्रश्न जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यातल्या एका वडिलांचा आहे. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, पास होऊन पावणेदोन वर्षं झाली. आठ महिने पुण्यात राहून शोधलं, आता घरी परतलाय. वडील तीन गोष्टी विचारतात. चाकणच्या एका कंपनीत मुलाखत झाली, तीन आठवडे झाले तरी उत्तर नाही, तर एचआरला मी स्वतः फोन करू का? नात्यातला एक जण सहा लाखांत ‘काम करून देतो’ म्हणतो, ऐकू का? आणि मुलगा दिवसभर खोलीत बसून असतो, त्याच्याशी बोलू तरी काय?

पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. तिसऱ्याला जरा वेळ लागेल.

आधी हद्द कुठे आखायची ते बघू. कंपनीपर्यंत जे जे पोहोचतं, म्हणजे रेझ्युमे, मेल, फोन, मुलाखत, पगाराची बोलणी, ते सगळं मुलाच्या हातचं आणि मुलाच्या तोंडचं असलं पाहिजे. घराच्या बाजूचं जे आहे, म्हणजे कागदपत्रं, पैशाची सोय, ओळखीपाळखी, नातेवाइकांना उत्तरं देणं, ते तुमच्याइतकं चांगलं कोणी करू शकत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत नेमकं उलटं चालतं. फोन वडील करतात आणि जात वैधतेसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला मुलगा एकटा फिरतो, तोही शेवटच्या आठवड्यात.

एचआरच्या फोनचं पाहा. भरती करणाऱ्या माणसाला एका उमेदवाराची माहिती दुसऱ्या कोणाला देता येत नाही, तो दुसरा माणूस उमेदवाराचा बाप असला तरी. म्हणजे तुमच्या हाती काही लागणार नाही, पण फोन आल्याची आठवण मात्र तिकडे राहते. नव्या इंजिनिअरला शॉपफ्लोअरवर पहिल्या महिन्यापासून वयाने मोठ्या ऑपरेटरांकडून काम करून घ्यायचं असतं, रात्रपाळीत लाइन थांबली तर मेंटेनन्सवाल्याला उठवून आणायचं असतं. स्वतःच्या निकालाची चौकशी वडिलांकडून करवून घेणारा मुलगा हे निभावेल का, अशी शंका एकदा आली की ती पुसायची संधी मुलाला मिळत नाही. त्याला हे कोणी सांगतही नाही.

तीन आठवडे उत्तर नाही याचा अर्थ नकार असाही नाही. पुष्कळदा पद मंजुरीसाठी वर अडकलेलं असतं. किंवा पहिल्या क्रमांकाच्या उमेदवाराला ऑफर गेलेली असते आणि तो रुजू होतो की नाही हे कळेपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्याला ना हो म्हणता येतं ना नाही. मुलाने करायचं ते एवढंच. मुलाखतीनंतर एका दिवसात दोन-तीन ओळींचा आभाराचा मेल. कंपनीने मुदत सांगितली असेल तर ती उलटल्यावर दोन कामाचे दिवस सोडून, नसेल सांगितली तर सात-आठ कामाच्या दिवसांनी एक विचारणा. मेलच्या विषयात पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख. आत कोणाबरोबर मुलाखत झाली, आपल्याला अजून रस आहे आणि रुजू व्हायला किती दिवस लागतील, बस. त्यानंतर दहा दिवसांनी एक फोन, सकाळी अकरा ते साडेबारा किंवा दुपारी तीननंतर. सोमवार सकाळ टाळावी. तरीही उत्तर नसेल तर ती जागा मनातून काढून पुढे जायचं. या सगळ्या काळात बाकीचे अर्ज थांबता कामा नयेत. एका कंपनीच्या उत्तरासाठी अख्खं घर श्वास रोखून बसतं, आणि महिना वाया जातो तो तिथे.

रेझ्युमेबद्दल एकच सूचना, कारण इथे वडिलांचा हात हमखास लागतो. लग्नाचा बायोडेटा आणि नोकरीचा रेझ्युमे या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची माहिती, मुक्काम-पोस्ट-तालुका असा पूर्ण पत्ता, ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र, यातलं काही नको. फ्रेशरला एक पान पुरतं. मोबाइल नंबर मुलाचाच हवा. ‘माझा नंबर चांगला लागतो’ म्हणून वडिलांचा दिला की कंपनीचा फोन शेतात लागतो, मुलगा गावात असतो, आणि संध्याकाळी निरोप पोहोचेपर्यंत दुसऱ्या कोणाची मुलाखत ठरलेली असते. घरी असताना अनोळखी नंबर उचलायची सवय मात्र मुलाला लावून घ्यावी लागेल.

आता ओळखी. ओळख वापरणं वाईट नाही. खासगी क्षेत्रात माणसं आजही मोठ्या प्रमाणात ओळखीतून घेतात, आणि कंपन्यांनी त्यासाठी रेफरलची रीतसर पद्धत ठेवलेली असते. चूक होते ती मागण्यात. ‘आमच्या पोऱ्याचं काहीतरी बघा’ असं लग्नात, हळदीच्या मांडवात सांगितलं तर समोरचा ‘बघतो’ म्हणतो आणि विषय संपतो. त्या माणसाला काय बघायचं तेच कळलेलं नसतं. शिवाय त्याच्यावर नोकरी लावून देण्याचं ओझं पडतं, म्हणून तो पुढे फोनही टाळतो.

मागणी छोटी आणि नेमकी ठेवा. नाशिकच्या अंबड-सातपूरला, पुण्यात भोसरी-चाकणला, सुरतेत उधना-लिंबायतला आपली किती माणसं आहेत याची एक यादी आईवडिलांनी मिळून काढावी: नाव, कंपनी, खातं, किती वर्षांपासून. आईकडच्या नात्यातली माणसं या यादीतून नेहमी सुटतात, ती मुद्दाम लिहा. मग ज्याची त्याची परवानगी घ्या. फोनवर इतकंच बोला: “नाना, माझा मुलगा मेकॅनिकल झालाय, क्वालिटीत जायचं म्हणतो. नोकरी लावा असं म्हणत नाही. तुमच्याकडे क्वालिटीत नवीन मुलं कुठून घेतात, काय विचारतात, तेवढं त्याला दहा मिनिटं सांगाल का? शुक्रवारी संध्याकाळी सातला तो फोन करेल.” इथे तुमचं काम संपलं. शुक्रवारी सातला मुलानेच फोन करायचा, आधी त्या कंपनीत काय बनतं ते वाचून. तीन-चार प्रश्न पुरतात: नवीन मुलाला पहिले सहा महिने काय काम देता, मोजमापाची कुठली साधनं हाताळता आली पाहिजेत, भरती थेट होते की कंत्राटदारामार्फत, आणि आणखी कोणाशी बोलू. फोननंतर आभाराचा मेसेज. समोरच्याने आपणहून रेझ्युमे मागितला तर तो त्याच दिवशी, पीडीएफमध्ये, फाइलला मुलाचं नाव देऊन पाठवायचा.

यातली एक अडचण घरी माहीत नसते. बऱ्याच कंपन्यांत एकाच उमेदवाराची माहिती एखाद्या कन्सल्टन्सीकडून आधी आलेली असेल तर नंतर आलेला रेफरल धरत नाहीत. म्हणून मुलाने दिसेल त्या कन्सल्टन्सीला रेझ्युमे वाटण्याआधी, ज्या कंपनीत आपलं माणूस आहे तिथे रेफरल आधी टाकावा. आणि ओळखीने मुलाखतीपर्यंत पोहोचला, पण निवड झाली नाही, तर त्या नातेवाइकावर राग धरू नका. त्याने दार उघडून दिलं, त्याचं काम तेवढंच होतं.

कागदपत्रांचा विषय मी लांबवणार आहे, कारण आईवडिलांनी पूर्णपणे स्वतःकडे घ्यावं असं हे काम आहे. सरकारी भरतीत परीक्षा पास होऊनही कागदपत्र तपासणीला मुलं बाद होतात, आणि कारणं तीच ती असतात.

नावापासून सुरुवात करा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर बहुधा स्वतःचं आधी आणि आडनाव शेवटी. हा क्रम वेगळा असला तरी निभतं, पण स्पेलिंग वेगळं असेल तर अडचण येते. आपल्याकडचं ‘चौधरी’ आडनाव घ्या: गुणपत्रिकेवर शेवटी आय, आधारवर वाय, पदवीवर मधला एखादा एच गायब. एकाच मुलाचे तीन कागद, तीन माणसं. बहुतेक भरतींत अर्जावर नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे मागतात, म्हणून प्रमाण दहावीचं धरायचं आणि आधार त्याला जुळवून घ्यायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा सेंटरवर घाई करू नका. पावतीवर छापलेलं स्पेलिंग अक्षर-अक्षर गुणपत्रिकेशी जुळवून बघा आणि मगच सही करा. त्यानंतर पॅन, बँक पासबुक आणि मतदार ओळखपत्र त्याच स्पेलिंगवर आणा.

राखीव प्रवर्गातून अर्ज करायचा असेल तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. इंजिनिअरिंगला राखीव जागेवर प्रवेश घेतला असेल तर वैधता बहुधा झालेली असते. मूळ प्रत पुष्कळदा कॉलेजात पडून असते, ती आधी ताब्यात घ्या. झालेली नसेल तर पुरावे गोळा करणं हे आईवडिलांचंच काम, कारण ते पुरावे गावात असतात. ठरावीक तारखेच्या आधीची जातीची नोंद लागते: अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० ची, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ची, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ची. आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत गेले असतील तर जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नसतील गेले तर तहसील कार्यालयातून कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल. जुनी नोंद मोडी लिपीत असेल तर अधिकृत जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वंशावळीत नाव, नातं आणि शाळेची नोंद एकमेकांशी जुळली पाहिजे; रजिस्टरात आजोबा ‘दगडू’ आणि सातबाऱ्यावर ‘दगाजी’ असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची वैधता झालेली असेल तर त्याची प्रत मोठा पुरावा ठरते, म्हणून भाऊबंदकीचा अबोला या एका कामापुरता बाजूला ठेवा. अनुसूचित जमातीच्या दाव्यांसाठी पडताळणी समिती वेगळी असते आणि तपासणीला जास्त वेळ जातो. जाहिरात आल्यावर अर्ज करणाऱ्यांचं प्रमाणपत्र मुदतीत येत नाही. वैधतेचा अर्ज आजच करायचा असतो.

नॉन क्रिमीलेअरच्या दाखल्यावर कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते लिहिलेलं असतं. अर्ज करण्याच्या शेवटच्या तारखेला तो चालू असावा लागतो, नंतर काढलेला चालत नाही. केंद्राच्या भरतीला, म्हणजे रेल्वे, बँक, वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माण्या, केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो; राज्याचा दाखवून भागत नाही, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी पाहावं लागतं. तहसीलच्या सेतू केंद्रात ‘सेंट्रलचा पाहिजे’ असं स्पष्ट सांगा.

सायबर कॅफे हा वेगळाच धोका. फॉर्म भरणारा मुलगा घाईत स्वतःचा मेल आयडी आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाकतो, पासवर्ड त्याच्या डोक्यात असतो. चार महिन्यांनी हॉल तिकीट येतं आणि दुकान बंद झालेलं असतं. प्रत्येक अर्जासाठी मुलाचा एकच मेल आणि एकच नंबर वापरा, आणि तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडू देऊ नका. आधारचा ओटीपीही त्यावरच येतो. एका शंभर पानी वहीत अर्जाची तारीख, नोंदणी क्रमांक, पासवर्ड, भरलेली फी आणि शेवटची तारीख लिहीत जा. ही वही आईने सांभाळली तर सगळ्यात नीट राहते. रेल्वे भरती मंडळाचं खातं एकदाच उघडायचं असतं आणि त्यावरच पुढचे सगळे अर्ज करायचे असतात. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं उघडलं तर उमेदवारीच धोक्यात येते. रेल्वेची सर्वसाधारण फी ५०० रुपये आहे, त्यातले ४०० पहिल्या संगणकीय परीक्षेला हजर राहिलं की बँक शुल्क वजा करून परत मिळतात. महिला आणि काही प्रवर्गांना २५० फी आणि तेवढीच परत. खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकला की ते पैसे येत नाहीत.

आयटीआय झालेला धाकटा मुलगा घरात असेल तर त्याच्यासाठी एक माहिती इथेच देऊन ठेवतो. मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात ॲप्रेंटिस घेतात तेव्हा लेखी परीक्षा नसते, दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून यादी लागते. ॲप्रेंटिसशिप म्हणजे नोकरी नव्हे, पण ती पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या लेव्हल-१ (पूर्वीच्या गट-ड) भरतीत २० टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात.

आता सहा लाखांचं. अनुदानित संस्थेतली शिपायाची जागा असो, शिक्षकाची असो की कुठल्या कार्यालयातली, पैसे देऊन नोकरी घेण्याच्या व्यवहारात तुमच्या हाती पावती नसते आणि तक्रार करायची सोय नसते. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून सरकारी माणसाला लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. शिक्षकभरती आता पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर चालते. मागल्या दाराने घेतलेल्या माणसाला शालार्थ आयडी, म्हणजे सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक, मिळाला नाही तर सरकारी पगार सुरू होत नाही, आणि ‘आज ना उद्या मंजुरी येईल’ या आशेवर तो वर्षानुवर्षं फुकट राबतो. सहा लाखांसाठी तुम्ही शेताचा तुकडा गहाण टाकणार असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे, टाकू नका.

खासगीतही हाच प्रकार वेगळ्या नावाने येतो: ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, गेटपासचे पैसे. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. ऑफर लेटर फुकटच्या मेल आयडीवरून आलंय, मुलाखत फक्त व्हॉट्सॲपवर झालीय आणि आज संध्याकाळपर्यंत पैसे भरा म्हणतायत, तर कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणखी एक माल बाजारात मिळतो, खोट्या अनुभवाचं प्रमाणपत्र. पीएफच्या खात्यात कोणत्या कंपनीत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता हे दिसतं, त्यामुळे पार्श्वभूमी तपासणीत ते उघडं पडतं आणि लागलेली नोकरी जाते. मुलगा गेले काही महिने घरी राहून केळीच्या गाड्यांचा हिशेब, मजुरीच्या नोंदी, ठिबकची देखभाल बघत असेल तर रेझ्युमेत तेच खरं लिहावं. रिकाम्या जागेपेक्षा ते चांगलं, आणि मुलाखतीत त्यावर विचारलं तर त्याला उत्तर येतं.

पैशाची सोय करताना रकमेपेक्षा तारीख महत्त्वाची. पुण्यात तिघांत खोली घेतली तर माणशी भाडं साधारण ३ ते ५ हजार, मेस ३ ते ४ हजार, येणं-जाणं आणि मोबाइल दीड-दोन हजार. महिन्याला १० हजारांच्या आसपास धरा, अनामत वेगळी. कापूस विकला की एकरकमी चाळीस हजार पाठवायचे आणि मग चार महिने हात आखडायचा, यात मुलगा पैसे संपले त्या आठवड्यात मिळेल ती नोकरी पकडतो. त्यापेक्षा सहा महिन्यांचे पैसे वेगळे काढा, त्याला आकडा सांगा आणि दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम टाका. कशावर खर्च केलास हे विचारू नका. सहा महिन्यांनी पुन्हा बसू, हे मात्र सुरुवातीलाच ठरवा.

मेकॅनिकलवाल्याला शहरात राहावं लागतं, कारण वॉक-इन आणि शॉपफ्लोअरच्या मुलाखती आदल्या दिवशी कळतात. पण ते शहर पुणेच असलं पाहिजे असं नाही. जळगाव एमआयडीसीत पाइप, ठिबक, प्लास्टिक मोल्डिंगचे कारखाने आहेत, शिरपूर आणि नवापूरला कापडाचे उद्योग आहेत, आणि तापी लाइनवर अमळनेर, धरणगाव, नंदुरबारहून थेट सुरतेला गाडी आहे. एक्स्ट्रूजन किंवा मोल्डिंगचा दीड-दोन वर्षांचा खरा अनुभव घेऊन पुढे जाणं हे पुण्यात रिकामं बसण्यापेक्षा मला बरं वाटतं. ‘जळगावात राहिला म्हणजे नापास झाला’ असं गावात बोलतात, त्याला तुम्ही घरात थारा देऊ नका.

ऑफर आली की घरी जल्लोष होतो आणि कागद कोणी वाचत नाही. तुम्ही दोघं शेजारी बसून वाचा. ३ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २५ हजार हातात, असं नसतं. मूळ पगार १२,५०० धरला तर कंपनीचा पीएफचा वाटा १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ६०० रुपये याच २५ हजारांत मोजलेले असतात. उरले २२,९००. त्यातून मुलाचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २१,२०० च्या जवळपास येतात. पॅकेजमध्ये १० टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, असेल तर महिन्याचे आणखी २,५०० कमी. हा हिशेब आधी केला नाही तर पहिल्या पगाराला मुलगा खोटं बोलतोय असं घरी वाटतं.

बाँड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, असेल तर रक्कम, मुदत आणि जामीनदार कोण हे पाहा. जामीनदार म्हणून सही वडिलांची मागतात. ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ या सल्ल्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. कोरा चेक देऊ नका. मूळ गुणपत्रिका दाखवायच्या, ठेवून द्यायच्या नाहीत. काही विचारायचं असेल तर प्रश्न तुम्ही काढा, मेल मुलाने करावा.

आता खोलीत बसलेल्या मुलाबद्दल. रोज जेवताना ‘काय झालं आज?’ विचारणं बंद करा. आठवड्यातून एक वार, एक वेळ, अर्धा तास ठरवा आणि बाकी सहा दिवस नोकरीचा शब्द काढू नका. त्या अर्ध्या तासात उपदेश नको, आकडे पाहा: किती अर्ज गेले, किती फोन आले, किती मुलाखती झाल्या, कुठल्या फेरीत थांबलं. यातून दुखणं कुठे आहे ते कळतं. चाळीस-पन्नास अर्ज जाऊन एकही फोन नसेल तर रेझ्युमे किंवा निवडलेली पदं चुकतायत. ‘कोणतंही काम चालेल’ असा रेझ्युमे कोणीच उघडत नाही. फोन येतात पण पहिल्याच तांत्रिक फेरीत थांबतं, तर विषयाची उजळणी हवी: ड्रॉइंग वाचणं, टॉलरन्स, व्हर्नियर-मायक्रोमीटर, साधी गुणवत्तेची साधनं. शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन राहतं, तर पगाराची अपेक्षा, गावाची अट किंवा बोलण्याचा सराव बघावा लागेल. तिन्ही दुखण्यांना ‘मेहनत कर’ हे एकच औषध लागू पडत नाही.

ऑनलाइन मुलाखत घरातून असेल तर तुमचं काम खोलीबाहेर. दार बंद, टीव्ही बंद, दारात गाडी आली तर अंगणातच थांबवा. आणि कूलर बंद ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, पण माइकमधून समोरच्याला फक्त त्याचीच घरघर ऐकू जाते आणि मुलगा अडखळतोय असा समज होतो. खोली तासभर आधी थंड करून घ्या, मुलाखतीच्या वेळी छताचा पंखा पुरे. वीज जाण्याचा भरवसा नसेल तर लॅपटॉप आणि मोबाइल पूर्ण चार्ज, आणि इंटरनेटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला तुमचा फोन हॉटस्पॉटला तयार. लॅपटॉपमागे उभं राहून उत्तरं सुचवू नका. मुलाची नजर हलते आणि ती समोर दिसते.

स्पर्धा परीक्षेचा विचार मुलाने काढला तर नाही म्हणू नका, पण मोजमाप ठरवा. ‘थोडक्यात गेली’ हे मोजमाप नव्हे. प्रत्येक पूर्व परीक्षेत कटऑफपासून किती गुणांनी मागे राहिला ते लिहून ठेवा. सलग दोन प्रयत्नांत हे अंतर कमी होत असेल तर आणखी वर्ष द्यायला अर्थ आहे. तेवढंच राहत असेल तर नोकरी धरून अभ्यास करावा. राज्य लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) परीक्षेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांची ४३ आहे म्हणून तेवढी वर्षं थांबायचं असं होत नाही; खासगी कंपनीत तिशी उलटलेला बिनअनुभवी फ्रेशर कोणी घेत नाही.

‘पोऱ्याले नोकरी लागनी का?’ हा प्रश्न दशक्रियेतसुद्धा विचारतात. याचं उत्तर द्यायची पाळी मुलावर येऊ देऊ नका. ‘प्रयत्न चालू आहेत, झालं की आम्हीच सांगू’ एवढं तुम्ही बोला आणि विषय पिकापाण्यावर न्या. बापाने चार माणसांत पाठीशी उभं राहणं मुलाला खूप बळ देतं. मात्र तो रात्र रात्र जागा राहतोय, जेवण सुटलंय, मित्रांचे फोन घेत नाही, जगून काय करू असं बोलतोय, तर नोकरीचा विषय पूर्ण थांबवा आणि डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे, मराठीतून बोलता येतं.

मुलगी असेल तर वरचं सगळं तसंच लागू, फक्त एक जास्तीचं. कुठल्या शहरात, कुठल्या पाळीत काम चालेल हे अर्ज करण्याआधी बसून ठरवा. ऑफर स्वीकारल्यावर ‘एवढ्या लांब नको’ म्हटलं की त्या कंपनीचं दार तिच्यासाठी बंद होतं आणि कॉलेजचंही नाव जातं. लग्न ठरलं असेल तर आधीच्या नावावर चालू असलेले अर्ज त्याच नावाने पूर्ण होऊ द्या. विवाह नोंदणी दाखला काढून ठेवा आणि नाव बदलायची घाई करू नका.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मुलाला तीन कामांची आठवण द्या: पीएफचा यूएएन क्रमांक घेणं, त्यात ई-नॉमिनेशन (वारसाची ऑनलाइन नोंद) भरणं, आणि नियुक्तिपत्राची सही-शिक्क्याची प्रत घरी पाठवणं. महिन्याने पगाराची स्लिप आणि पीएफचं पासबुक जुळवून पाहा. पगारातून कापलेले पैसे खात्यात जमा दिसत नसतील तर त्याने आधी एचआरला लेखी विचारावं, आणि तरीही झालं नाही तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार नोंदवावी.